रेप्लिका नेमकी किती मागे आहे? लॅग मोजण्याआधी काटा तपासा

गळीत हंगाम ऐन भरात होता, जानेवारीची रात्र. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा ऊस वजनाचा डेटाबेस मी तेव्हा सांभाळायचो. प्रायमरी सर्व्हर, जिथं मूळ नोंदी होतात, कारखान्याच्या ऑफिसात; रेप्लिका, म्हणजे त्याची सतत भरली जाणारी नक्कल, मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये; आणि शेतकऱ्यांचं मोबाइल ॲप वाचायचं ते रेप्लिकेवरून. साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला. "सायेब, गाडी खाली होऊन अर्धा तास झाला. पावती हातात हाय, पण मोबाइलवर खेप काय दिसंना. काटामारी चाललीया का काय?"

डॅशबोर्ड उघडला. लॅग, म्हणजे रेप्लिका प्रायमरीच्या किती मागे आहे तो आकडा, शून्य सेकंद, हिरवागार. प्रायमरीवर बघितलं तर खेप होती, टनेज होतं, पावती नंबरही होता. रेप्लिकेवर मात्र शेवटची नोंद ९:५२ ची. घड्याळात १०:३२ झाले होते. चाळीस मिनिटं रेप्लिकेत एक ओळ उतरली नव्हती आणि आमचा काटा शून्यावरून हलला नव्हता.

काटामारी खरीच चालली होती, फक्त ती उसाच्या काट्यावर नव्हती.

त्या रात्रीनंतर लॅग मोजायची जी पद्धत मी बसवली ती इथे पायरीपायरीने देतोय. उदाहरणं मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या दोन डेटाबेस प्रणालींची आहेत. आज्ञांची आणि कॉलमची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर टाकताना कॉलमच्या आणि फंक्शनच्या नावांत शब्दांच्या मधे अंडरस्कोर असतो एवढं ध्यानात ठेवा.

१. मोजायचं काय, हे आधी ठरवा

सांगलीच्या माणसाला हा मुद्दा सांगायला कोयना पुरेशी आहे. पावसाळ्यात धरणातून विसर्ग सोडला की ते पाणी कराडला कृष्णेत मिसळतं आणि बऱ्याच तासांनी सांगलीच्या आयर्विन पुलाशी येतं. पुलाजवळची पट्टी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका सांगते. पण पट्टीला फक्त पुलाखालचं पाणी कळतं. कराडच्या अलीकडे कुठं तरी वाटेत असलेलं पाणी तिच्या हिशेबातच नाही. म्हणून पूररेषेतला माणूस नुसती पट्टी बघून झोपत नाही, कोयनेतून किती क्युसेक सोडलंय हेही विचारतो.

रेप्लिकेशनमध्येही अशी तीन ठिकाणं आहेत: प्रायमरीने स्वतःच्या लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, काय लिहिलं, त्यातलं रेप्लिकेपर्यंत काय पोचलं, आणि पोचलेल्यातलं रेप्लिकेने प्रत्यक्ष टेबलांमध्ये काय उतरवलं. पहिल्या दोनांतलं अंतर वाढलं तर दुखणं बहुधा लाइनीत असतं. दुसऱ्या-तिसऱ्यातलं वाढलं तर रेप्लिकेची डिस्क, एखादा मोठा व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकदम पक्के होणारे बदल) किंवा कुणाची तरी लांबलचक क्वेरी.

विचारणारा बदलला की हवा असलेला आकडाही बदलतो. ॲपवाल्याला कळायला हवं की आत्ता दिसणारी माहिती किती सेकंद जुनी आहे. प्रायमरी आत्ता जळाली तर किती नोंदी कायमच्या जातील, हे विचारणाऱ्याला न पोचलेला भाग लागतो, तोही बाइट्समध्ये किंवा व्यवहारांमध्ये. रात्री ड्युटीवर बसलेल्याला एकच चिंता असते, हे भरून निघायला किती वेळ लागेल. तिघांना एकच आकडा दिला की त्यातल्या दोघांची फसगत ठरलेली.

२. घड्याळं जुळवा

लॅग म्हणजे दोन वेळांची वजाबाकी. दोन वेळा दोन वेगळ्या घड्याळांवरच्या असतील तर घड्याळांमधला फरकही लॅगमध्येच मोजला जातो. रेप्लिकेचं घड्याळ ३ सेकंद मागे आणि खरा लॅग २ सेकंद असेल, तर उत्तर येतं उणे १. बरीच मॉनिटरिंग स्क्रिप्ट उणे आकडा दिसला की मुकाट्याने शून्य करून टाकतात. ही सवय आधी मोडा. उणे आकडा आहे तसा साठवा. घड्याळ बिघडल्याची एवढी स्वस्त सूचना दुसरी नाही.

दोन्ही मशीनवर क्रोनी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम, चालू ठेवा आणि 'क्रोनीसी ट्रॅकिंग' चालवून 'सिस्टिम टाइम'ची ओळ वाचा. घड्याळ एनटीपीच्या, म्हणजे नेटवर्कवरून मिळणाऱ्या प्रमाण वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते तिथं लिहिलेलं असतं. तोही आकडा दर मिनिटाला साठवा. लॅग मिलिसेकंदात मोजायचा म्हणता आणि घड्याळ अर्धा सेकंद सरकलेलं, तर दशांशानंतरचे आकडे नुसती सजावट. व्हर्च्युअल मशीन सस्पेंड होऊन परत उठलं की घड्याळ उडी मारतं, त्यावर विशेष नजर ठेवा.

आता टाइमझोन. लॅगचा आकडा १९,८०० च्या आसपास दिसला तर घाबरू नका. ५ तास ३० मिनिटांचे नेमके तेवढेच सेकंद होतात. लिहिणाऱ्याने वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहिली आणि वाचणाऱ्याने ती भारतीय वेळ समजून वजाबाकी केली, एवढाच त्याचा अर्थ. हा प्रकार निदान दिसतो तरी. उलटा प्रकार घातक असतो: लिहिलं भारतीय वेळेत आणि वाचलं यूटीसीत. तेव्हा उत्तर येतं उणे १९,८००, स्क्रिप्ट त्याचं शून्य करते, आणि साडेपाच तासांपर्यंतचा कुठलाही लॅग त्या शून्याच्या पोटात गडप होतो. लिहिताना यूटीसी, वाचताना यूटीसी. भारतीय वेळ फक्त पडद्यावर दाखवताना.

३. डेटाबेस स्वतः देतो तो आकडा कशाचा, ते समजून घ्या

मायएसक्यूएलमध्ये 'शो रेप्लिका स्टेटस' चालवलं की 'सेकंड्स बिहाइंड सोर्स' मिळतो. ८.०.२२ आधी त्याचं नाव 'सेकंड्स बिहाइंड मास्टर' होतं. जगातले निम्मे डॅशबोर्ड याच आकड्यावर उभे असावेत असा माझा अंदाज आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

हा आकडा असा निघतो: रेप्लिकेचा एसक्यूएल थ्रेड (आलेले बदल टेबलांत उतरवणारा) आत्ता जी घटना राबवतोय तिच्यावर प्रायमरीचा वेळेचा शिक्का असतो, रेप्लिकेच्या आत्ताच्या वेळेतून तो वजा होतो. दोन घड्याळांमधला फरकही जमेस धरला जातो, पण तो आयओ थ्रेड (प्रायमरीकडून बदल आणणारा) सुरू होतानाच एकदा काढलेला असतो. नंतर कुठलं घड्याळ सरकलं तर पुढच्या जोडणीपर्यंत चूक तशीच राहते.

मुख्य गोम पुढे आहे. एसक्यूएल थ्रेडने रिले लॉगमधलं (आणलेले बदल रेप्लिकेवर जिथं साठतात तिथलं) सगळं संपवलं आणि आयओ थ्रेड 'चालू' असेल, तर उत्तर शून्य. आलेलं सगळं उतरवलं, एवढाच या शून्याचा अर्थ. यायचं किती बाकी आहे ते त्याला ठाऊक नसतं. म्हणजे पुलाजवळची पट्टी.

आमच्याकडे त्या रात्री नेमकं हेच झालं. कारखान्याच्या बाजूचा राउटर ९:५२ ला बंद पडून परत सुरू झाला. प्रायमरीकडून ते कनेक्शन मेलं होतं, पण रेप्लिकेला कुणी कळवलंच नाही. तिच्या मते लाइन जोडलेली होती आणि पलीकडे फक्त शांतता होती. अशा शांततेवर किती वेळ विश्वास ठेवायचा ते 'रेप्लिका नेट टाइमआउट' ठरवतं. आता त्याचं मूळ मूल्य ६० सेकंद आहे, ५.७.७ च्या आधी ते ३,६०० होतं. आमची कॉन्फिग फाइल जुन्या सर्व्हरवरून उचललेली, आणि त्यात ३,६०० स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं. फाइल कॉपी करणारा मीच. म्हणजे रेप्लिका एक तास बिनघोर बसून राहिली असती. आयओ थ्रेड थांबवून सुरू केला, त्याबरोबर आकडा शून्यावरून एकदम २,४०० च्या पुढे गेला आणि मग भराभर उतरला.

याच आकड्याची तिसरी खोड म्हणजे 'नल'. एसक्यूएल थ्रेड बंद असेल, किंवा रिले लॉग संपलेला आणि आयओ थ्रेडही थांबलेला असेल, तर उत्तर 'नल' येतं, म्हणजे 'माहीत नाही'. काही मॉनिटरिंग साधनं त्याचं सरळ शून्य करतात. रेप्लिकेशन बंद पडलेलं आणि आलेख सपाट, हे दृश्य त्यातूनच जन्माला येतं. तुमचं साधन 'नल'चं काय करतं ते आज तपासा, उद्यावर टाकू नका.

मायएसक्यूएल ८ मध्ये याहून बरी सोय आहे. प्रत्येक व्यवहाराबरोबर दोन शिक्के येतात, मायक्रोसेकंदापर्यंत: मूळ प्रायमरीवर कमिट (पक्का) कधी झाला, आणि लगतच्या वरच्या सर्व्हरवर कधी झाला. साखळी असेल, म्हणजे एका रेप्लिकेवरून दुसरी रेप्लिका, तर कुठल्या टप्प्यावर उशीर झाला ते यातून वेगळं काढता येतं. परफॉर्मन्स स्कीमातल्या 'रेप्लिकेशन कनेक्शन स्टेटस' टेबलात शेवटचा पोचलेला व्यवहार दिसतो आणि 'रेप्लिकेशन अप्लायर स्टेटस बाय वर्कर' टेबलात शेवटचा उतरवलेला. दोन्ही शेजारी ठेवले की लाइनीतला उशीर आणि उतरवण्यातला उशीर आपोआप सुटे होतात. उतरवणारे वर्कर एकाहून जास्त असतात (८.०.२७ पासून मुळातच ४), म्हणून एकाचीच ओळ वाचून निष्कर्ष काढू नका.

पोस्टग्रेसची तऱ्हा वेगळी. रेप्लिकेवर बहुतेक जण आत्ताच्या वेळेतून 'पीजी लास्ट झॅक्ट रिप्ले टाइमस्टॅम्प' वजा करतात, म्हणजे शेवटचा उतरवलेला व्यवहार प्रायमरीवर कमिट झाल्याला किती वेळ झाला. गाळप जोरात असताना आकडा ठीक वाटतो. हंगाम संपला, रात्री कुणी काही लिहीत नाही, की सकाळी लॅग सात तास दिसतो. रेप्लिका एक बाइटही मागे नसते. यावर सर्रास वापरला जाणारा उपाय असा: मिळालेलं एलएसएन (लॉगमधल्या जागेचा क्रमांक) आणि उतरवलेलं एलएसएन सारखं असेल तर शून्य म्हणायचं. उपाय सुटसुटीत दिसतो खरा, पण लाइन तुटल्यावर मिळालेलं आणि उतरवलेलं दोन्ही सारखंच राहतं. म्हणजे मायएसक्यूएलची खोड आपण आपल्या हाताने पोस्टग्रेसमध्ये लावून घेतली.

प्रायमरीवरच्या 'पीजी स्टॅट रेप्लिकेशन'मध्ये आवृत्ती १० पासून 'राइट लॅग', 'फ्लश लॅग' आणि 'रिप्ले लॅग' (लिहिण्यातला, डिस्कवर पक्कं करण्यातला आणि उतरवण्यातला उशीर) हे तीन कॉलम आहेत. ते प्रायमरी स्वतःच्याच घड्याळाने मोजते, त्यामुळे घड्याळं जुळवायचा प्रश्न येत नाही. मला हे कॉलम आवडतात, फक्त तीन गोष्टी सांभाळा. रेप्लिका तुटली की तिची ओळच गायब होते, म्हणून ओळ नसणं हाच अलार्म ठेवा. सगळं शांत असलं की थोड्या वेळाने कॉलम 'नल' होतात. आणि उतरवणं अडकून पडलं तर जुनाच आकडा लटकून राहू शकतो. म्हणून शेजारी 'पीजी करंट वॉल एलएसएन' आणि 'रिप्ले एलएसएन' यांच्यातलं बाइट्सचं अंतर 'पीजी वॉल एलएसएन डिफ' ने काढून ठेवा. सेकंद गप्प राहिले तरी बाइट्स बोलतात.

४. स्वतःची नाडी बसवा

वरचं सगळं समजल्यावरही मी ज्या आकड्यावर झोपतो तो वेगळाच आहे. प्रायमरीवर दर सेकंदाला एक ओळ बदलायची आणि ती ओळ रेप्लिकेवर कधीची दिसते ते बघायचं. याला हार्टबीट म्हणतात. मायएसक्यूएलसाठी पर्कोना टूलकिटमधलं 'पीटी-हार्टबीट' हे तयार साधन आहे. ते वापरा किंवा स्वतः लिहा, दहा-वीस ओळींचं काम आहे.

टेबल छोटं ठेवा, तीन कॉलमचं. सर्व्हर आयडी, तीच प्रायमरी की (ओळ ओळखायची किल्ली). दुसरा क्रमांक, दर ठोक्याला एकने वाढणारा. तिसरा वेळ, यूटीसीत, मायक्रोसेकंदासह. एक प्रोग्रॅम दर सेकंदाला क्रमांक वाढवतो आणि वेळ बदलतो.

क्रमांक कशाला, वेळ आहे की? समजा प्रायमरीवर क्रमांक ५,०४० आहे आणि त्याच क्षणी रेप्लिकेवर ५,०२८. ठोका सेकंदाचा असेल तर रेप्लिका साधारण १२ सेकंद मागे. यात घड्याळ कुठंच आलं नाही. वेळेवरून काढलेला लॅग आणि क्रमांकावरून काढलेला लॅग यांच्यात दोनेक सेकंदांहून जास्त तफावत दिसू लागली, तर घड्याळ बिघडलंय किंवा ठोके चुकताहेत.

लिहिणारा प्रोग्रॅम आणि वाचणारा प्रोग्रॅम मी एकाच तिसऱ्या मशीनवर चालवतो. वेळ तेच मशीन लिहितं, वजाबाकीही तेच करतं, घड्याळ एकच. याची किंमत अशी की त्या मशीनची प्रायमरीकडची लाइन गेली तर ठोके थांबतात आणि लॅग नसताना वाढलेला दिसतो. म्हणून दर वेळी ओळ दोन्हीकडून वाचायची. प्रायमरीवरचीच ओळ दोन-तीन सेकंदांहून जुनी असेल तर लिहिणारा मेलाय, रेप्लिकेला बोल लावू नका. 'लॅग वाढला' आणि 'नाडी थांबली' हे दोन वेगळे अलार्म हवेत. आलेखावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात: सेकंदाला सेकंद चढणारी सरळ रेघ.

अचूकतेचा हिशेब साधा आहे. खरा लॅग ०.२ सेकंद आणि ठोका १ सेकंदाचा असेल, तर वाचन ०.२ ते १.२ मध्ये कुठंही येईल, कारण ठोका नुकताच पडून गेला की पडायच्या बेतात आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही. उलट बाजूने, वाचन २.७ आलं तर खरा लॅग १.७ ते २.७ मध्ये. ठोका ०.१ सेकंदाचा केला तर ही पट्टी अरुंद होते, पण दिवसाला ८,६४,००० लिखाणं होतात. माझं मत विचाराल तर सेकंदाचा ठोका पुरतो.

हार्टबीट बसवताना लोक जिथं ठेचकाळतात त्या जागा:

मायएसक्यूएलमध्ये स्टेटमेंट पद्धतीचं (एसक्यूएल वाक्यच रेप्लिकेवर पुन्हा चालवणारं) रेप्लिकेशन असेल आणि वेळ टाकायला 'सिसडेट' वापरलं, तर रेप्लिका ते वाक्य राबवताना स्वतःची वेळ टाकते. लॅग कायम शून्य. 'नाऊ'चं तसं होत नाही, त्याला प्रायमरीचा शिक्का मिळतो. सगळ्यात निर्धोक म्हणजे प्रोग्रॅमनेच वेळ आकड्यात लिहून पाठवणं. पोस्टग्रेसमध्ये 'नाऊ' व्यवहार सुरू झाल्याची वेळ देतं, म्हणून तिथं 'क्लॉक टाइमस्टॅम्प'.

रेप्लिकेवर फिल्टर असेल, काही डेटाबेस घेतले काही नाही, तर हार्टबीटचा डेटाबेस त्यातून गळत तर नाही ना ते बघा. याहून लपलेली गोष्ट म्हणजे समांतर वर्कर डेटाबेसनुसार वाटलेले असतील तर हार्टबीट वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवू नका. वजनाच्या टेबलांची रांग तुंबलेली असताना हार्टबीट मोकळ्या वर्करवरून पुढे निघून जातो आणि 'सगळं ठीक' म्हणून सांगतो. ८.०.२७ पासून मूळ सेटिंग तशी नाही आणि कमिटचा क्रमही जपला जातो, पण जुन्या कॉन्फिग फाइलींचा अनुभव वर सांगितलाच.

मायएसक्यूएलच्या इव्हेंट शेड्युलरने (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीने) ठोके पाडत असाल तर रेप्लिकेवर तो इव्हेंट निष्क्रिय अवस्थेत येतो. रेप्लिकेला बढती देऊन प्रायमरी केली की तो हाताने सुरू करावा लागतो, आणि नेमक्या त्या धावपळीत तेच कुणाला आठवत नाही.

पोस्टग्रेसमध्ये दर सेकंदाच्या अपडेटने दिवसाला ८६,४०० मेलेल्या (जुन्या, निकामी) ओळी जमतात. ऑटोव्हॅक्यूम त्या उचलतो, पण कुणी तासन्‌तास व्यवहार उघडा ठेवला तर एका ओळीचं टेबलही फुगतं.

५. महिन्यातून एकदा: एका घड्याळाची चाचणी

मिलिसेकंदापर्यंत खात्री हवी असेल तेव्हा मी असं करतो. एका मशीनवरून प्रायमरीवर एक नवा क्रमांक लिहायचा. कमिटची पोच आली की तिथून वेळ मोजायला सुरुवात. लगेच रेप्लिकेला दर १० मिलिसेकंदांनी विचारत राहायचं: आला का? मोजायला मोनोटॉनिक (फक्त पुढेच जाणारं) घड्याळ घ्या, म्हणजे मधेच एनटीपीने वेळ सरकवली तरी गडबड होत नाही.

१८० व्या मिलिसेकंदाला पाठवलेल्या प्रश्नाला 'नाही' आलं आणि १९० व्याच्या प्रश्नाला 'हो', तर उत्तर एक आकडा नसतो. तो क्रमांक साधारण १८० पासून ते 'हो' हातात पडेपर्यंतच्या काळात कधी तरी दिसू लागला, इतकंच म्हणता येतं. नेटवर्कचा जाण्यायेण्याचा वेळ जितका, तितकी ही पट्टी रुंद. हे शंभर-दोनशे वेळा करा, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, आणि हार्टबीटच्या आकड्यांशी ताडून बघा.

६. काट्याला माहितीतलं वजन लावा

वजनमापेवाले काटा तपासायला येतात तेव्हा प्रमाणित वजनं घेऊन येतात. काट्याला 'तू बरोबर आहेस ना' असं विचारून शिक्का मारत नाहीत. इथंही लॅग मुद्दाम पाडायचा, आपल्याला माहीत असलेला, आणि काटा तोच आकडा दाखवतो का ते बघायचं. चाचणी रेप्लिकेवर करा, हंगामात मुळीच नको.

पहिलं वजन: मायएसक्यूएलमध्ये फक्त एसक्यूएल थ्रेड ४५ सेकंद थांबवा, पोस्टग्रेसमध्ये 'पीजी वॉल रिप्ले पॉज' आणि ४५ सेकंदांनी 'रिझ्यूम'. हार्टबीट ४५-४६ पर्यंत चढून झटकन उतरायला हवा. ३० वरच थबकला तर तुमचं मॉनिटरिंग दर ३० सेकंदांनीच बघतंय. मायएसक्यूएलचा स्वतःचा आकडा या काळात 'नल' असेल. डॅशबोर्डने त्याचं काय केलं ते टिपून ठेवा.

दुसरं वजन: फायरवॉलमधून रेप्लिकेशनच्या पोर्टची पॅकेट गिळून टाका. नाकारायची नाहीत, गिळायची. नाकारली तर रेप्लिकेला लगेच कळतं आणि चाचणी फुकट जाते. मायएसक्यूएलचा आकडा आधी शून्यच राहील आणि टाइमआउट झाल्यावर 'नल' होईल. हार्टबीट मात्र पहिल्या सेकंदापासून चढायला हवा. आमच्या त्या रात्रीची ही रंगीत तालीम. ही एक चाचणी आधी केली असती तर बाकीचा लेख लिहायची वेळ आली नसती.

तिसरं: 'सोर्स डिले' ३० लावा, किंवा पोस्टग्रेसमध्ये 'रिकव्हरी मिन अप्लाय डिले'. काटा ३०-३१ वर स्थिर राहिला पाहिजे. तो २७ दाखवत असेल तर पुन्हा घड्याळाकडे.

चौथं: लिहिणारा प्रोग्रॅम बंद करा. 'नाडी थांबली' हा अलार्म वाजला आणि 'लॅग वाढला' हा वाजला नाही, तरच पास.

७. आकडे साठवा आणि आलेखाचा आकार वाचा

सरासरी साठवू नका. आमची ती चाळीस मिनिटं घ्या: दिवसाच्या ८६,४०० सेकंदांतले २,४०० सेकंद, म्हणजे २.८ टक्के. दिवसाचा ९५ वा शतमानक काढला तर वरचे ५ टक्के, म्हणजे ७२ मिनिटं, हिशेबाबाहेर जातात आणि तो सगळा गोंधळ त्यात मावून जातो. रिपोर्टमध्ये दिवस निष्कलंक. ९९ व्या शतमानकात तो दिसतो. मी दर मिनिटाचा कमाल आकडा साठवतो आणि दिवसाचा कमालही वेगळा ठेवतो.

नाडी चालू असून आलेख सेकंदाला सेकंद चढत असेल तर उतरवणं पूर्ण थांबलंय. त्याहून मंद चढत असेल तर रेप्लिका काम करतेय, पण तिची ताकद कमी पडतेय. करवतीसारखे दाते दिसले तर कुठलं तरी ठराविक काम दर तासाला किंवा दर रात्री येतंय. आमच्याकडे महिन्यातून दोनदा आलेखावर उभा कडा दिसायचा, पंधरवडा बिलाच्या रात्री. बिलाचं काम लाखो ओळी एकाच व्यवहारात बदलायचं. प्रायमरीवर त्याला दहा मिनिटं लागायची, ते बिनलॉगमध्ये (प्रायमरीच्या लॉगमध्ये) यायचं कमिट झाल्यावरच, आणि मग रेप्लिकेवर जवळजवळ तेवढाच वेळ. व्यवहाराचे पाच-पाच हजार ओळींचे तुकडे केल्यावर कडा गेला.

भरून निघायला किती वेळ लागेल हे ड्युटीवरच्या माणसाला आलेखावरून काढता येतं. १०:०० ला लॅग १,८०० सेकंद, १०:१० ला १,५००. म्हणजे ६०० सेकंदांत ३०० ने उतरला, सेकंदाला अर्धा. उरलेले १,५०० भागिले अर्धा, ३,००० सेकंद. प्रायमरीवरचा भार असाच राहिला तर अकराच्या सुमाराला रेप्लिका गाठेल. साहेबांचा फोन आला की 'बघतोय' म्हणण्यापेक्षा 'अकरा वाजता' म्हणता येतं.

अलार्म एका वाचनावर वाजवू नका. ३० सेकंदांहून जास्त लॅग सलग दोन मिनिटं, हा आमचा पहिला उंबरठा. ३०० सेकंद झाले की लगेच फोन. हे आकडे आमच्या कामाचे आहेत. पावती दिसायला अर्धा मिनिट लागला तर शेतकरी कुरकुरत नाही. बँकेच्या शिल्लक रकमेला हा हिशेब चालणार नाही.

८. वाचणाऱ्यालाही सांगा

शेवटचं काम डेटाबेसमधलं नाहीच. ॲप रेप्लिकेवरून जे वाचतं त्याच वेळी हार्टबीटची ओळही वाचायची आणि यादीच्या खाली बारीक अक्षरात लिहायचं: 'ही माहिती रात्री १०:३१ पर्यंतची आहे.' ती वेळ पाच मिनिटांहून जुनी झाली की ओळ लाल. हे बसवायला आमच्या ॲपवाल्या पोराला अर्धा दिवस लागला.

त्यानंतरच्या हंगामात एकदा लाइन खरंच दोन तास गेली होती. खेप दिसत नाही म्हणून एकही फोन आला नाही. जो आला तो त्याच शेतकऱ्याचा, लाइन सुरू झाल्यावर: "सायेब, खेप दिसली, टाइम बी बरोबर हाय. पर दीड टन कमी कसं भरलं ते सांगा." म्हटलं, दादा, तो काटा माझा नाही.